क्रीटचा लोकरी मरवा : रोप घ्या, पुडी घेऊ नका

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना खालचं सगळं वाचत बसायला नको. एका ऑनलाइन नर्सरीतून मागवलेलं 'डिटनी ऑफ क्रीट'चं, म्हणजे क्रीट बेटावरच्या ह्या लोकरी मरव्याचं, रोप मला आवडलं. पैसे वसूल. त्याच झाडाच्या वाळलेल्या पानांची म्हणून जी पुडी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून आली, ती मात्र मी माझ्या गिऱ्हाइकाला फुकटसुद्धा देणार नाही.

माझं सांगलीत काष्ठौषधींचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. हिरडा, बेहडा, वावडिंग, गुळवेल, अडुळसा, सुंठ, शतावरी, सगळा सुका माल. दिवसभर हात त्यातच असतो. पान चुरगाळून नाकाशी नेल्याशिवाय आणि काडी मोडून बघितल्याशिवाय मला कशावरच विश्वास बसत नाही, त्यामुळे हे परीक्षणही त्याच पद्धतीचं आहे. बागकामातला मी कुणी जाणकार नव्हे. गच्चीवर कुंड्या आहेत, सकाळी दुकानाला जायच्या आधी तास-अर्धा तास त्यांच्यात जातो, एवढंच.

वस्तू घरात आली ती पुतण्यामुळे. पुण्याहून सुट्टीला आला होता, मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "काका, हे बघा. अतिदुर्मिळ पुदिना! जगात एकाच बेटावर उगवतो." किंमत ५९९ रुपये, वर डिलिव्हरीचे ९०. 'अतिदुर्मिळ' म्हटलं की आमच्या धंद्यातला माणूस आधी खिसा चाचपतो. शिलाजीत, अस्सल केशर, हत्ताजोडी... दुर्मिळ म्हणून काय काय विकायला येतात लोक दुकानात! तरी मागवलं, कारण जाहिरातीत खाली शास्त्रीय नाव दिलं होतं: ओरिगॅनम डिक्टॅम्नस. ओरिगॅनम म्हणजे आपल्या मरव्याची जात. मरवा ओळखीचा, मग त्याचा हा परदेशी भाऊबंद कसा दिसतो ते बघू म्हटलं.

जाहिरातीतला फोटो मात्र चुकीचा होता, आणि ही चूक साधी नाही. फोटोत कमरेएवढं उंच झुडूप होतं, त्यावर उभे गुलाबी तुरे. ते डिक्टॅम्नस अल्बस. नावात साम्य असलं तरी ते लिंबाच्या कुळातलं, ह्याचा त्याचा काही संबंध नाही. त्या झाडाचा रस अंगाला लागून वर ऊन पडलं तर कातडीवर फोड येतात, आणि त्याच्यातून निघणारी तेलाची वाफ उन्हाळ्यात काडी ओढली तर भडकते. एकाचा फोटो लावून दुसरं विकणं म्हणजे उद्या कुणी फोटो बघून भलत्याच झाडाची पानं चहात टाकेल. मी नर्सरीला मेसेज केला. उत्तर आलं, "नोटेड सर." फोटो अजून तोच आहे. ह्याच कारणासाठी एक तारा कापला.

आता झाड काय आहे ते सांगतो. पुदिन्याचं कूळ फार मोठं, सात हजारांच्या वर जाती. तुळस, सब्जा, पुदिना, मरवा, पानओवा, द्रोणपुष्पी हे सगळे त्यातले. खोड चौकोनी, पानं समोरासमोर जोडीनं आणि फुलाला ओठ, एवढ्यावर बहुतेक ओळखू येतात. अलीकडे शास्त्रज्ञांनी निर्गुडी, भारंगी आणि चक्क आपला सागसुद्धा ह्याच कुळात आणून बसवलाय. माझ्या दुकानातल्या निम्म्या बरण्या एका घराण्याच्या निघाल्या म्हणायच्या. साताऱ्याच्या कासच्या सड्यावर पावसाळ्याच्या शेवटी जी जांभळी मंजिरी फुलते, तीही ह्याच कुळातली. तिला कुणी कुंडीत घालून ५९९ ला विकत नाही हे नशीब.

तर हा क्रीटवाला. क्रीट हे ग्रीसचं बेट, क्षेत्रफळानं जवळजवळ आपल्या सांगली जिल्ह्याएवढं. दोन्ही साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. पण त्या तेवढ्याशा बेटावर कळसूबाईला मागं टाकणारे डोंगर आहेत. सगळ्यात उंच शिखर २,४५६ मीटर. हे झाड रानात फक्त तिथंच येतं आणि तेही सपाटीवर नाही, चुनखडीच्या कड्यांना आणि घळींना असलेल्या भेगांमध्ये. उंची जेमतेम वीतभर. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला आज चालतं ते नाव दिलं, पण झाड त्याच्याही आधी दोन हजार वर्षं माहितीतलं. ॲरिस्टॉटल आणि त्याचा शिष्य थिओफ्रॅस्टस, दोघांनीही लिहून ठेवलंय की क्रीटमधल्या रानबकऱ्यांना बाण लागला की त्या हे झाड शोधून खातात आणि बाण गळून पडतो. बकरीनं खाल्लं हे मला पटतं, बकरी काय खात नाही! बाणाचं ज्याचं त्यानं ठरवावं. तिकडं अशीही रीत होती की लग्नाळू पोरं प्रेयसीला द्यायला म्हणून कड्यावर चढून हे खुडून आणायची. चढताना पडून जीव गेल्याच्याही गोष्टी सांगतात.

रोप खोक्यातून आलं. पॅकिंग चांगलं होतं: वर्तमानपत्राची गुंडाळी, कुंडी टेपनं बांधलेली, फांद्यांना जाळी. पण आतलं माध्यम सगळं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि तेही पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं. कड्याच्या भेगेत वाढणाऱ्या झाडाला ओल्या कोकोपीटमध्ये घालून चार दिवस अंधाऱ्या खोक्यात पाठवायचं, म्हणजे नर्सरीला आपण काय विकतोय हे ठाऊक नाही असाच अर्थ होतो. खालची काही पानं काळी पडून बुळबुळीत झाली होती. वरचं झाड ठणठणीत.

आणि ते वरचं झाड बघण्यासारखं. पान गोलसर, अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं, जाडसर, आणि दोन्ही बाजूंनी पांढऱ्या लवीनं इतकं भरलेलं की हिरवा रंग आतून कुठून तरी येतोय असं वाटावं. बोट फिरवलं तर फ्लॅनेलच्या कापडासारखं लागतं. दुकानात केशर आणि खसखस तपासायला भिंग ठेवलेलं असतं, ते घेऊन बसलो. भिंगाखाली ती लव सरळ केसांची दिसत नाही. एकेका केसाला फांद्या फुटलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या. आणि त्या गुंत्याच्या तळाशी बारीक चकाकणारे ठिपके दिसतात. त्यात तेल. लव ऊन परतवते, वारा पानापर्यंत पोचू देत नाही, आतलं पाणी जपते. चुनखडीच्या पांढऱ्याफेक कड्यावर भूमध्यसागराचा अख्खा कोरडा उन्हाळा काढायचा तर असलाच पेहराव पाहिजे.

वासाचं सांगतो. पुदिन्याचा वास येईल ह्या आशेनं घेऊ नका. पान चोळलं की पहिला झटका पानओव्याचा, मग मागून मरवा, आणि शेवटी थोडा मिरीसारखा तिखटपणा. पानओव्याची आठवण येते ते उगीच नाही. ह्याच्या तेलात मुख्य घटक कार्व्हाक्रॉल, तोच पानओव्यातही असतो. पुदिन्याच्या गारव्याचं कारण मेंथॉल, ती गोष्टच वेगळी. म्हणून जाहिरातीतला 'दुर्मिळ पुदिना' कुळाच्या हिशेबानं खरा असला तरी जिभेच्या हिशेबानं खोटा.

आमच्या दुकानाच्या समोर एक गजरेवाली मावशी बसते. अबोलीच्या वेणीत मरवा गुंफण्यात तिचं आयुष्य गेलं. एक डहाळी तिच्याकडे नेली. तिनं डोळे मिटून वास घेतला, पान उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "मरवाच की ओ हा. थंडी वाजतिया म्हणून घोंगडं पांघरलंय नुसतं." ह्यापेक्षा नेमकं वर्णन मला कुठल्या कॅटलॉगात सापडलेलं नाही. नंतर विचारलं, "वेणीत चालंल का?" तर मान हलवली. लव असल्यानं पाणी मारलं की पान लगेच मलूल दिसतं आणि देठ आखूड, दोऱ्यात नीट बसत नाही. तिच्या दृष्टीनं विषय संपला.

फुलं उन्हाळ्यात आली. नुसत्या फुलावर जाऊ नका, ते लहानसं, गुलाबी-जांभळं, ओठवालं. गंमत त्याच्या खालच्या पानांची. एकावर एक कौलं रचल्यासारखी छोटी छोटी पानं, कोवळेपणी हिरवट आणि मग लालसर-जांभळी होत जाणारी, आणि त्यांचं ते खाली झुकलेलं झुंबर. फूल गळून गेलं तरी ते झुंबर कितीतरी दिवस राहतं. पांढरी पानं, त्यावर जांभळी झुंबरं, एप्रिलच्या उन्हात. शेजारच्या गच्चीवरून लोक विचारतात हे काय म्हणून. दिसण्याला पाचपैकी पाच.

आता खरा प्रश्न, सांगलीत हे जगतं का. जगतं. पण ते पाणी घालण्यावर नाही, न घालण्यावर जगतं.

क्रीटमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. आपल्याकडे बरोबर उलटं: उन्हाळा कडक, मग ऐन गरमीच्या शेवटी चार महिने पाऊस. ह्या झाडाला गरमी चालते, थंडी चालते, पण ऊब आणि ओल एकत्र आली की ते सडतं. लवीत पाणी अडकून राहतं, वाळत नाही, आणि पान आतून काळं पडतं. पुतण्यानं स्वतःसाठीही एक रोप घेतलं होतं, पुण्यातल्या बाल्कनीत कोकोपीटसकट ठेवलेलं. जुलैत त्याचा फोटो आला, काळ्या काड्या नुसत्या. ज्यांच्याकडे कोयना-महाबळेश्वरच्या बाजूचा पाऊस आहे त्यांनी ह्याच्या नादी लागू नये. सांगली, मिरज, तासगाव, जत, आटपाडी ह्या पट्ट्यात, जिथं पावसाची आधीच मारामार, तिथं ह्याचं जमू शकतं. आमच्याकडे ज्या दुष्काळी हवेच्या नावानं आपण बोटं मोडतो ती ह्या पाहुण्याला मानवते.

मी आल्याबरोबर मुळाचं कोकोपीट हलक्या हातानं झाडून टाकलं. मातीची कुंडी घेतली, प्लॅस्टिकची नाही. कुंडीच्या अंगातून ओल उडाली पाहिजे. तळाला विटेचे तुकडे. मग एक भाग साधी माती, दोन भाग जाड वाळू आणि विटेची बारीक खडी, आणि मूठभर चुनखडीचे खडे. आपली काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते. उसाला चांगली, ह्याला फाशी. वरच्या थराला माती दिसूच नये असे बारीक खडे पसरले, म्हणजे खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत. शेणखत अगदी चिमूटभर, वर्षाला एकदा. ज्यांना सवयीनं दर आठवड्याला जीवामृत ओतायचं असतं त्यांनी हात बांधून ठेवावेत. खतावर पोसलेलं पान मोठं होतं, हिरवं होतं, लव विरळ होते आणि वास उतरतो. आमच्या धंद्यात हे जुनंच आहे, भरपूर पाण्या-खतावर काढलेल्या मालाला वजन येतं, गुण येत नाही.

पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण वाऱ्याला. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली मोकळी जागा आहे, तिथं ती जूनपासून ऑक्टोबरपर्यंत असते. पूर्वेचं ऊन मिळतं, पावसाचं पाणी नाही. पाणी कधी द्यायचं तर कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तर द्यायचं, कडेकडेनं, पानावर थेंब न उडवता. आमच्या हिची तक्रार आहे की सगळ्या कुंड्यांना पाइप आणि ह्या एकाला चहाची किटली. आहे खरं तसं.

फांद्या छाटल्या तर झाड दाट होतं, आणि छाटलेल्या कोवळ्या शेंड्यांना वाळूत मुळं फुटतात. बी धरलं तरी त्याच्या भानगडीत मी पडलो नाही; ओरिगॅनमच्या जाती एकमेकींत फार सहज मिसळतात, बियांपासून आलेलं पोर आईवर जाईलच असं नाही. नर्सऱ्यांत ह्याच्या संकराची शोभेची झाडंही असतात, तीही सुंदर असतात, पण त्यांची पानं गुळगुळीत किंवा अर्धवट लवीची. पूर्ण लोकरी पान नसेल तर घेऊ नका, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

चवीला काय? दोन-तीन पानं गरम पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवायची. उकळायचं नाही, वास उडून जातो. रंग फिकट पिवळा. पहिला घोट मरव्याचा, मग घशात ओव्याची ऊब, शेवटी किंचित कडू. मला आवडला. हिला औषधी वाटला, आणि औषधी वाटला म्हणजे ती पिणार नाही. तिकडं युरोपात ह्याचा वापर सर्दीबरोबरचा खोकला आणि किरकोळ पोटदुखी-अपचन ह्यांसाठी परंपरेनं होतो, आणि युरोपियन औषध संस्थेनंही तो परंपरागत वापर म्हणून मान्य केलाय. परंपरागत म्हणजे लोक फार वर्षं वापरत आलेत एवढ्या आधारावर, चाचण्या करून सिद्ध झालं म्हणून नव्हे. जाहिरातीत मात्र 'जखमा भरतं, सांधे मोकळे करतं, मेंदूला टॉनिक' अशी यादी आहे. बाण काढायचं तेवढं राहिलं. गरोदर बायकांनी लांबच राहावं. घशाला शेक म्हणून प्यायचं असेल तर परसातला पानओवा, आलं, गवती चहा ह्यांच्यानं तेच काम होतं आणि तेही फुकटात. हे माझ्याच धंद्याच्या विरोधात जातं, पण खरं ते खरं.

पुडीकडे वळतो. दुसऱ्या एका विक्रेत्याची, ऑनलाइनच. चकचकीत पाकीट, वर बकरीचं चित्र, '२० ग्रॅम, ४५० रुपये'. किलोला साडेबावीस हजार पडले. सुगंधी सुक्या पाल्याला हा भाव म्हणजे काय हे आमच्या बाजारात कुणालाही विचारा. ठीक आहे, लांबून येतं, थोडं पिकतं, महाग असणारच. माल तरी तसा पाहिजे ना!

पाकीट फोडून पांढऱ्या कागदावर पसरलं. पहिलं म्हणजे काड्या. निम्म्याहून जास्त नुसत्या काड्या, त्याही जाड, तळाच्या. पंचांग, म्हणजे मुळापासून फळापर्यंत अख्खं झाड, विकायचं असतं तिथं काडी धरतात, पानाच्या भावानं नाही. दुसरं, रंग. चांगला वाळवलेला हा पाला राखाडी-पांढरा दिसायला हवा, लव तशीच राहते. ह्यात तपकिरी झाक होती, म्हणजे एकतर उन्हात वाळवला किंवा जुना. तिसरं आणि मुख्य: चिमूटभर पाला कोमट पाण्यात भिजत घातला. पानं उलगडली. काही गोल, लोकरी, बरोबर. पण बरीचशी पातळ, टोकदार, हिरवी, लव जवळजवळ नाहीच. ती साध्या ओरेगॅनोची, पिझ्झ्याबरोबर मिळणाऱ्या पुडीतली. दोघांचं तेल एकसारख्या घटकाचं असल्यानं वासावरून गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही, म्हणूनच ही भेसळ सोयीची. भिजवून उलगडल्यावर लपत नाही. ज्यांच्याकडे पुडी असेल त्यांनी घरी हेच करून बघा. वाटी, कोमट पाणी आणि दहा मिनिटं, भिंगसुद्धा लागत नाही.

पाकिटावर तोडणीचा महिना नाही, गावाचं नाव नाही. क्रीटमध्ये ह्या झाडाची रीतसर शेती होते, हेराक्लिओनच्या दक्षिणेकडं एम्बारोस नावाचं गाव त्यासाठी नावाजलेलं आहे. वर्मुथ नावाच्या मद्याला वास द्यायलाही हा पाला वापरला जातो. म्हणजे शेतातला माल मिळतो, कुठला ते सांगताही येतं. ते सोडून ह्या पाकिटावर ठळक अक्षरांत काय छापलंय? 'कड्यांवरून हातानं खुडलेला जंगली माल'. आणि हे कौतुकानं!

हे वाचून डोकं फिरलं. रानातलं हे झाड युरोपात कायद्यानं संरक्षित आहे. शतकानुशतकं कड्यांवरून ओरबाडून नेल्यानं आणि बकऱ्यांच्या चरण्यानं ते आज जिथं माणसाचा हात पोचत नाही तिथंच जास्त दिसतं. जंगली म्हणून चार पैसे जास्त घ्यायचे ही युक्ती मला नवी नाही. आपल्याकडे सह्याद्रीतल्या नरक्याचं हेच झालं. त्याच्यातल्या एका द्रव्यापासून कॅन्सरचं औषध बनतं हे कळल्यावर झाडं मुळासकट गेली. माझ्याकडेही लोक 'डोंगरातला माल आहे, शेतातला नाही' असं सांगत पोती घेऊन येतात, आणि गिऱ्हाईकही तेच विचारतं. डोंगरातला म्हणजे अस्सल, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. एकतर ते पाकिटावरचं खोटं आहे, मग फसवणूक. किंवा खरं आहे, मग चोरी. दोन्हीत मला ४५० रुपये घालायचे नव्हते. परत करायला गेलो तर 'खाद्यपदार्थ फोडल्यावर परत घेतला जात नाही'. फोडल्याशिवाय आत काय आहे ते कसं कळावं, हे त्यांनी सांगितलं नाही.

रोपाच्या बाबतीत ही टोचणी नाही. ते कटिंगचं, कुठल्या तरी पॉलिहाऊसमध्ये मुळं फुटलेलं, त्यानं क्रीटच्या एकाही कड्याचं काही बिघडलेलं नाही. फक्त मग ते 'अतिदुर्मिळ' कसं? दुर्मिळ ते तिथल्या भेगेत आहे. कुंडीत एका झाडाची वर्षात दहा होतात. ५९९ हा भाव त्या शब्दाचा आहे, रोपाचा नाही. तीनशेच्या आत मिळालं तर डोळे मिटून घ्या, सहाशेला थोडा विचार करा. मी दिले आणि मला पस्तावा नाही, कारण असलं पान मी आयुष्यात दुसरं हाताळलेलं नाही, आणि पानं हाताळण्यातच माझं आयुष्य गेलंय.

तारे मोजायचे तर: झाडाला पाच. नर्सरीला तीन, एक चुकीच्या फोटोचा कापला आणि एक ओल्या कोकोपीटचा. पॅकिंग आणि वेळेवर डिलिव्हरीचे तेवढे शिल्लक. पुडीला साइट शून्य देऊ देत नाही म्हणून एक.

मागवणार असाल तर ऑक्टोबरच्या शेवटी मागवा. पाऊस गेलेला असतो, थंडी यायची असते, रोपाला स्थिरावायला पुढचे चार-पाच महिने मिळतात. जूनमध्ये स्वस्त ऑफर लागेल, तिच्याकडे बघूही नका. नर्सरीला आधी विचारा की माध्यम काय आहे, आणि आज काढलेला पानाचा फोटो मागा, जाहिरातीतला नाही. लव दिसली पाहिजे.

आणि सांगलीतल्या ज्या मंडळींना मी दुकानात एकेक पान चोळून वास दिलाय आणि जे तेव्हापासून कटिंग मागतायत, त्यांना इथंच सांगतो: दिवाळीनंतर या. मातीची कुंडी आपली आपण आणायची. वाळू मी देईन, पैसे घेणार नाही, पण काळी माती भरलेली कुंडी घेऊन आलात तर तशीच परत पाठवीन.